रामन राघव : फाशी टळली, पण तो सुटला होता का?

ओसरी

परवा जेवताना विषय निघाला आणि भाऊ सहज बोलून गेला, "रामन राघवसारखं वेड्याचं सोंग घेतलं की सुटतो माणूस." मी म्हटलं, साठच्या दशकात मुंबईत झोपलेल्या माणसांचे खून करणारा तो माणूस सुटला नव्हता, मरेपर्यंत कैदीच होता. भावाला पटलं नाही. मलाही पूर्वी तसंच वाटायचं, म्हणून त्याला दोष देत नाही. पण वाचत गेले तसं लक्षात आलं की आपल्या डोक्यातली गोष्ट बरीचशी सिनेमातून आणि ऐकीव किश्श्यांतून आलेली आहे. खरी गोष्ट जास्त अस्वस्थ करणारी आहे. सविस्तर लिहिते.

1965-66 च्या सुमारास मुंबईच्या पूर्व उपनगरांत, जुन्या जीआयपी (आताच्या मध्य रेल्वेच्या) मार्गाच्या कडेने, रात्री झोपलेल्या माणसांवर हल्ले होऊ लागले. एकोणीस जणांवर हल्ला झाला, त्यातले नऊ दगावले. डोक्यात जड, बोथट वस्तूचा घाव, बहुतेक जण झोपेतच. मारले गेलेले लोक फूटपाथवर आणि झोपड्यांत राहणारे होते. चोरीला जाण्यासारखं त्यांच्याकडे काय असणार? तेव्हा पोलिसांनी संशयावरून ज्यांना उचललं त्यांत रामन राघवही होता. दरोड्याच्या गुन्ह्यात पाच वर्षं शिक्षा भोगलेला माणूस, पोलीस दप्तरी नोंद असलेला. पण ठोस काही हाती लागलं नाही आणि त्याला सोडून द्यावं लागलं.

1968 मध्ये पुन्हा तेच सुरू झालं, या वेळी उत्तरेकडच्या उपनगरांत. तपास गुन्हे शाखेच्या रमाकांत कुलकर्णींकडे होता. 27 ऑगस्ट 1968 रोजी अ‍ॅलेक्स फियालो या उपनिरीक्षकाने जुनी छायाचित्रं आणि वर्णन यांवरून डोंगरी भागात त्याला ओळखलं आणि पकडलं. त्याने आपलं नाव सिंधी दलवाई सांगितलं. तळवाई, अण्णा, तंबी, वेलुस्वामी ही त्याची आणखी नावं. बोटांच्या ठशांनी खरी ओळख पटवली. अंगावरच्या बुशशर्टवर आणि खाकी हाफपँटवर रक्ताचे डाग होते, बूट चिखलाने भरलेले. जवळ काय सापडलं? चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचं घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले दोन कागद. ही यादी वाचून मी थांबले होते. त्या आकडेमोडीत तो काय मांडत होता कोण जाणे.

बरेच दिवस तो काही बोलेना. काय हवंय असं विचारल्यावर म्हणाला, मुर्गी. ती पोटभर खाल्ल्यावर आणखी मागितली. मग डोक्याला तेल, कंगवा, आरसा. तेल लावून, भांग पाडून, आरशात बघून झाल्यावर त्याने कबुली द्यायला सुरुवात केली. हा किस्सा सगळ्यांना माहीत असतो आणि सगळे तिथेच थांबतात. मला त्याच्या पुढचं सांगायचंय.

कबुलीत त्याने सांगितलेल्या खुनांचा आकडा चाळीसच्या वर गेला. अटक मात्र मालाडच्या दोन खुनांसाठी दाखवली गेली. 1969 च्या जूनमध्ये खटला उभा राहिला तेव्हा बचावाच्या वकिलांनी सुरुवातीलाच अर्ज दिला, की आरोपीचं मन ठिकाणावर नाही, तो स्वतःचा बचाव करू शकत नाही. 28 जून ते 23 जुलै या काळात मुंबईच्या पोलीस सर्जननी त्याला निरीक्षणाखाली ठेवलं आणि अहवाल दिला : मनोविकार नाही, मतिमंद नाही, स्मरणशक्ती चांगली, बुद्धी सर्वसाधारण, आपण काय करतोय ते त्याला कळतं, खटला कशाचा आहे तेही कळतं. खटला पुढे चालला. त्याने गुन्हा कबूल केला. मग नायर रुग्णालयाचे मनोविकारतज्ज्ञ बचावाचे साक्षीदार म्हणून उभे राहिले. आर्थर रोड तुरुंगात ते त्याला पाच वेळा भेटले होते, दर वेळी अडीच तास. त्यांनी सांगितलं, याला दीर्घकाळापासून पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया, म्हणजे आपला छळ होतोय असे पक्के भ्रम होणारा मानसिक आजार, आहे आणि आपलं कृत्य कायद्याविरुद्ध आहे हे त्याला उमगत नाही.

एकच माणूस, एकच वर्ष, दोन डॉक्टर आणि एकमेकांच्या थेट विरुद्ध दोन मतं. न्यायालयाने त्याला दोषी धरून फाशी सुनावली. अपील करायला त्याने नकार दिला.

तरीही प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. फाशी कायम करण्याआधी न्यायालयाने तीन मनोविकारतज्ज्ञांचं खास मंडळ नेमायला लावलं. त्यांनी पाच वेळा, सुमारे दोन-दोन तास त्याच्याशी बोलणं केलं. शेवटच्या भेटीत निरोप घेताना डॉक्टरांनी हात पुढे केला, तर त्याने हातात हात दिला नाही. म्हणाला, मी 'कानून'चा प्रतिनिधी आहे, या दुष्ट जगातल्या माणसांना मी शिवत नाही. मंडळाच्या अहवालात त्याचं जग नोंदलेलं आहे. एक जग 'कानून'चं आणि एक हे, आपलं. देशात तीन सरकारं आहेत, अकबराचं, ब्रिटिशांचं आणि काँग्रेसचं, आणि तिन्ही आपला छळ करताहेत. लोक आपल्याला बाई बनवायला टपलेत पण आपण 'एकशे एक टक्के पुरुष' आहोत, हे तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. आपल्याला मुंबईत आणलं सरकारने, चोऱ्या करायला लावल्या सरकारने. आपण स्वतः एक शक्ती आहोत.

हा आजार बरा होणारा नाही असं ठरल्यावर फाशीची जन्मठेप झाली. पुढची वर्षं येरवड्यात, मनोरुग्णालयाच्या उपचारांखाली. 1995 मध्ये पुण्यात ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने तो गेला.

आता माझा मुद्दा. 'वेडा होता की गुन्हेगार होता' असं विचारलं की आपण दोन खुर्च्या मांडतो आणि त्याला एकीवर बसायला सांगतो. मला वाटतं प्रश्न तीन वेगळ्या वेळांचे आहेत. घाव घालताना त्याच्या मनाची स्थिती काय होती? खटला चालू असताना काय होती? आणि फाशी द्यायच्या वेळी काय होती? त्याच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या बाजूने लागलंच नाही. कायद्याने तो खुनीच ठरला. फक्त शिक्षा बदलली. तुम्हाला काय वाटतं?

काळीमाती

धागा मनापासून लिहिलाय, पण मी असहमत आहे. त्याला काही कळत नव्हतं हे मान्य करणं मला फार जड जातं. रात्रीच का निघायचा? झोपलेलेच का गाठायचा? नाव खोटं का सांगितलं? पहिल्या वेळी पोलिसांच्या हातून निसटला तोही तोंड बंद ठेवूनच ना? ज्याला आपलं कृत्य योग्य वाटतं तो भर दुपारी चौकात करेल. लपतो तो, ज्याला आपण काय करतोय ते माहीत असतं. आणि मारले कोण गेले? ज्यांच्या दाराला कडी नव्हती ते. शिक्षा कमी झाली यात त्यांच्या वाट्याला काय आलं?

निंबोणी

मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आम्ही मालाड पूर्वेला राहायचो, चाळीच्या मागे कुडाच्या झोपड्या होत्या. त्या पावसाळ्यातली एक गोष्ट इथल्या तरुण मंडळींना सांगावीशी वाटते. 'रामन राघव' हे नाव आम्हाला तेव्हा माहीतच नव्हतं. पकडल्यावर ते पेपरात आलं. तोवर सगळे नुसतं 'तो' म्हणायचे. "आज तो गोरेगावला दिसला म्हणे." दिसला कुणालाच नव्हता. वडील गिरणीत कामाला, तिसऱ्या पाळीला जाताना चाळीतले चार-पाच जण मिळूनच स्टेशनपर्यंत जायचे. राहिलेले पुरुष काठ्या घेऊन गस्त घालायचे. एका रात्री गस्तवाल्यांनी एका वेडसर भिकाऱ्याला धरून इतकं मारलं की तो पुन्हा आमच्या गल्लीत दिसला नाही. तो बिचारा आमच्याच ओट्यावर रोज भाकरी खाऊन जायचा. आई आजही त्याचं नाव काढते, 'त्या'चं काढत नाही.

मागच्या झोपड्यांतल्या बायका पोरांना घेऊन आमच्या जिन्याखाली झोपायला यायच्या. आईने त्यांना कधी नको म्हटलं नाही.

वळचण

मी फौजदारी वकिली करते. ओसरीताईंनी विचारलेला पहिला प्रश्न कायद्यात कसा येतो ते सांगते, कारण काळीमातींचा आक्षेप नेमका तिथेच लागू पडतो.

भारतीय दंड संहितेचं कलम 84, आता भारतीय न्याय संहितेत कलम 22. कायद्याच्या मराठीत शब्द आहे 'मनोविकल'. कृत्य करते वेळी मनोविकलतेमुळे ज्याला कृत्याचं स्वरूप कळत नव्हतं, किंवा आपण करतोय ते चूक किंवा कायद्याविरुद्ध आहे हे कळण्याची क्षमताच नव्हती, त्याचं कृत्य अपराध होत नाही. 'करते वेळी' या दोन शब्दांवर सगळं उभं आहे. हे आलं इंग्लंडातून. 1843 मध्ये डॅनियल मॅकनॉटन याने पंतप्रधान पीलच्या सचिवावर गोळी झाडली. सरकार आपल्या मागावर आहे अशी त्याची पक्की समजूत होती. तो निर्दोष ठरला, लोक खवळले, आणि हाऊस ऑफ लॉर्ड्सने न्यायाधीशांना प्रश्न विचारून जी उत्तरं घेतली ती मॅकनॉटन नियम म्हणून ओळखली जातात. बघा, तिथेही 'सरकार छळतंय' होतं आणि इथेही. फरक म्हणजे मॅकनॉटन निर्दोष सुटूनही घरी गेला नाही, वेड्यांच्या रुग्णालयातच 1865 मध्ये मेला. म्हणजे 'सुटणं' तिथेही आपण समजतो तसं नव्हतं.

आजार आहे एवढं पुरत नाही. वैद्यकीय वेड वेगळं आणि कायद्यातलं वेड वेगळं, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितलंय. आपल्याच राज्यातला 1972 चा शेरअली वली महंमदचा निकाल आहे. बायको आणि मूल मारलं, हेतू सापडला नाही, पळूनही गेला नाही. न्यायालय म्हणालं, एवढ्यावरून तो वेडा ठरत नाही. पण 1964 च्या दह्याभाई ठक्कर निकालाने आरोपीला थोडा आधारही दिलाय. मनोविकलता त्याला दाखवावी लागते, पण सरकार पक्षाला गुन्हा जितका निःसंशय सिद्ध करावा लागतो तितकी नाही. दिवाणी दाव्यात पारडं झुकतं तेवढं झुकलं तरी चालतं.

आता लपण्याबद्दल. लपणं, हत्यार दडवणं, खोटं नाव, हे सगळं न्यायालय जाणिवेचा पुरावा म्हणून बघतं, आणि बघायला हवंच. पण ज्याला तीन-तीन सरकारं छळताहेत असं वाटतं तो पोलिसांपासून लपणारच की. त्याच्या हिशेबात पोलीस म्हणजे शत्रूची माणसं. लपण्यावरून एवढंच कळतं की त्याला पकडले जाण्याची भीती होती. ती कशाची भीती, हे त्यावरून कळत नाही.

आणि अपील नसताना प्रकरण वर कसं गेलं? सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येतच नाही. आरोपी अपील करो न करो, कागद वर जातातच. ही तरतूद नसती तर 'मला अपील नको' म्हणणारा हा माणूस दोन वर्षांत फासावर गेला असता आणि त्याच्या मनात काय होतं ते तीन तज्ज्ञांच्या मंडळाने पाच वेळा बसून ऐकलं नसतं.

काळीमाती

वळचणताई, लपण्याचा मुद्दा पटला. पूर्ण नाही, पण विचार करायला लावणारा आहे. मग पोलीस सर्जनचं काय? ते खोटं बोलले का?

वळचण

खोटं अजिबात नाही. त्यांना विचारलेला प्रश्न बघा. हा खटला समजू शकतो का? स्मरण ठीक आहे का? त्याला उत्तर मिळालं. पॅरानॉइड स्किझोफ्रेनियात बुद्धी शाबूत असू शकते, हिशेब येतो, तारखा आठवतात, जेवण मागता येतं. भ्रमाचा धागा कुणी ओढेपर्यंत बाहेरून काही दिसत नाही. आणि तो ओढायला विश्वास बसेपर्यंत समोर बसून राहावं लागतं.

पाणकणीस

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते.

माझ्या धाकट्या बहिणीला स्किझोफ्रेनिया आहे. अठरा वर्षं झाली. तिलाही आवाज ऐकू यायचे, शेजारी आपल्या पाण्यात काहीतरी घालतात असं वाटायचं. तिने आजवर कुणावर हात उगारलेला नाही. उलट दोनदा तिलाच मार बसलाय, एकदा घराजवळच्या दुकानासमोर, चोर समजून. आमच्या जुन्या इमारतीतल्या एकांनी तिचा आजार कळल्यावर सगळ्यांसमोर वडिलांना विचारलं होतं, "हिला इथे ठेवणार का? उद्या रामन राघव झाली तर?" वडील तो प्रश्न घेऊन गेले. आम्ही वर्षभरात जागा बदलली.

या आजाराची बहुसंख्य माणसं कुणाला इजा करत नाहीत. करतात त्यांच्यातही उपचार न मिळणं, रस्त्यावर राहणं, नशा, अशी बरीच कारणं मिसळलेली असतात. ओसरीताई, तुमचा धागा मला आवडला, पण वरच्या निंबोणीकाकांच्या प्रतिसादातला तो भिकारी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. रामन राघवची दहशत दोन प्रकारच्या गरिबांवर पडली. एक ज्यांना त्याने मारलं, आणि दुसरे ज्यांना तो समजून मारलं गेलं.

माझी विनंती एवढीच, की बोलताना आजाराचं नाव घ्या, 'वेडा' म्हणून सोडून देऊ नका. तीन प्रश्न वेगळे करायचे तर शब्दही वेगळे हवेत.

ओसरी

पाणकणीस, तुम्ही लिहिलंत म्हणून आभार. शीर्षकात मी तो शब्द टाळला, पण खाली सर्रास वापरलाय. आता तसाच राहू देते, तुमचा प्रतिसाद त्याखाली वाचला जावा म्हणून.

दीपमाळ

एक तुलना सुचते. जोशी-अभ्यंकर खून प्रकरण. 1976-77 मध्ये पुण्यात दहा माणसं मारली गेली, करणारे कला महाविद्यालयातले विद्यार्थी. जक्कल, सुतार, जगताप आणि मुनव्वर शाह यांना 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवड्यात फाशी झाली. तेव्हा रामन राघव हयात होता. एका खटल्यातले चौघे फासावर आणि हा उपचारांखाली कैदेत.

पुण्यातल्या आमच्या पिढीला ते चौघे जास्त भयंकर वाटायचे, कारण त्यांना सगळं कळत होतं. नायलॉनची दोरी, ठरवलेली घरं, नंतरची मजामस्ती. तिथे मनोविकलतेचा प्रश्नच नव्हता. म्हणजे क्रौर्य किती, यावरून मन आजारी आहे की नाही हे ठरत नाही. मला वाटतं आपली मोठी गल्लत इथे होते. कृत्य जितकं भीषण तितका माणूस 'सायको', असं आपण म्हणून टाकतो. अतिशय भीषण कृत्य पूर्ण शुद्धीत करता येतं, हे मान्य करायला जीव धजत नाही.

काळीमाती

दीपमाळ, हे मात्र शंभर टक्के पटलं.

वळचण

ओसरीताईंच्या तिसऱ्या प्रश्नावर राहिलं होतं. शिक्षेच्या वेळची मनःस्थिती. आता याबाबत कायदा बराच स्पष्ट झालाय. 2014 च्या शत्रुघ्न चौहान निकालात सर्वोच्च न्यायालयाने मानसिक आजार हे फाशीची जन्मठेप करण्याचं कारण मानलं. 2019 मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात न्यायालयाने कैद्याचं नाव निकालातून वगळून त्याला 'आरोपी एक्स' म्हटलं. दोन मुलींच्या खुनाचा गुन्हा, अतिशय क्रूर. दोषी ठरल्यानंतरच्या गंभीर मानसिक आजारामुळे फाशी रद्द झाली, पण उरलेलं आयुष्य तुरुंगात, सवलतीचा हक्क नाही. कारण असं, की आपल्याला कशाची शिक्षा होतेय हेच ज्याला कळत नाही, त्याला फाशी देऊन शिक्षेचा हेतू साधत नाही.

रामन राघवच्या बाबतीत एक गोष्ट मात्र मला वकील म्हणून आजही खुपते. उच्च न्यायालयाने मंडळाला विचारलेला प्रश्न होता, तो मनोविकल आहे का आणि त्यामुळे स्वतःचा बचाव करायला असमर्थ आहे का. त्याने तर सत्र न्यायालयात गुन्हा कबूल केला होता. 'कानून'चा प्रतिनिधी असल्याच्या भ्रमात दिलेल्या त्या कबुलीची किंमत काय धरायची?

ओसरी

हेच मला रात्री झोपू देत नाहीये. चाळीसहून अधिक खुनांची कबुली एका अशा माणसाने दिली ज्याच्या लेखी देशात अकबराचं सरकार चालू होतं. त्यातले किती खरे? काही त्याने केलेच नसतील तर ते करणारा कोण होता, आणि त्याला कुणी शोधलं का? आणि खरे असतील तर त्या माणसांसाठी न्यायालयात कधी उभंच राहिलं नाही कुणी. काळीमाती, तुम्ही सुरुवातीला विचारलंत ना, त्यांच्या वाट्याला काय आलं. फाशीने ते भरून निघालं नसतं असं मला वाटतं, पण तुमचा प्रश्न खरा आहे. त्याच्या तेलाची, कंगव्याची, मुर्गीची गोष्ट आपल्याला पाठ आहे आणि मेलेल्यांतल्या एकाचंही नाव आपल्यापैकी कुणी या धाग्यावर घेतलं नाही. मीही नाही.

पुढच्या आठवड्यात दादरला ग्रंथसंग्रहालयात जायचा विचार आहे. 1968 च्या जुलै ते सप्टेंबरच्या मराठी वर्तमानपत्रांच्या फायली बघायला मिळतात का ते विचारते. कोण होते, कुठून आले होते, कुठल्या गिरणीत, कुठल्या बांधकामावर होते, एवढं तरी कळावं. कुणाला बरोबर यायचं असेल तर सांगा.

काळीमाती

मी येतो. शनिवार जमेल.

निंबोणी

माझ्याच्याने दादरपर्यंत येणं होणार नाही, गुडघे ऐकत नाहीत. पण आई अठ्ठ्याऐंशीची आहे आणि जुनं सगळं तिला आठवतं. जिन्याखाली झोपायला येणाऱ्या बायकांत एक होती जिचा भाऊ त्या पावसाळ्यात गेला. मी लहान होतो, कसा गेला ते मला कुणी सांगितलं नव्हतं. आज संध्याकाळी चहाच्या वेळी आईला त्याचं नाव विचारतो.